एकशे सत्तर व्होल्ट

घरातला स्टॅबिलायझर दिवसभर कटकट करू लागला की समजायचं, बऱ्हाणपुरात वैशाख लागला. इथे हा ऋतू आधी तारेतून येतो, मग अंगावर. दुपारी पंखा असा फिरतो की त्यालाच कोणी वारा घालावा. पलीकडच्या गल्लीतल्या पॉवरलूमची खटखट लांबत जाते, मधूनच थबकते. फ्रिज कण्हत राहतो. आम्ही शहरातली माणसं विजेच्या नावानं चिडचिड करतो, पण वीज कुठे जाते ते साऱ्यांना ठाऊक असतं. गावाबाहेर निंबोल्याकडे केळीची पानं दुपारच्या झळीनं कडेनं करपत असतात आणि त्या बागांना पाणी द्यायला साऱ्या मोटारी एकदम तारेवर येतात. केळीला वैशाखात एक दिवसही उपास सोसत नाही.

गेल्या वर्षीचा वैशाख मात्र मी नुसता सोसला नाही. त्याच्याशी मला भांडावं लागलं, एका घड्याळापायी.

माझे बाबा कागद कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. जळगावकडून नोकरीसाठी इकडे आले आणि कारखान्याच्या वसाहतीतच त्यांचं आयुष्य गेलं. मशिनींवरचे मीटर, काटे, दाब मोजणारी घड्याळं, सगळी त्यांच्या हाताखालून जायची. कधीतरी तिथला एक जुना मोजणीयंत्राचा डबा भंगारात निघाला, तेव्हा बाबांनी तो रीतसर विकत घेतला, कारण त्यात चार निक्सी ट्यूब होत्या. निक्सी ट्यूब म्हणजे अंगठ्याएवढी काचेची नळी. तिच्या आत तारेचे दहा आकडे, शून्यापासून नऊपर्यंत, एकामागे एक उभे असतात. ज्या आकड्याला वीज द्यावी तो नारिंगी उजेडात पेटतो, बाकीचे त्याच्यामागे सावलीसारखे थांबतात. बाबांनी त्या चारही ट्यूब जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले की याचं एकदा घड्याळ करायचं आहे.

ते राहूनच गेलं. बाबा निवृत्त झाले, आई गेली, आणि ते माझ्याकडे बऱ्हाणपूरला राहायला आले. मी इथे शाळेत गणित शिकवते. चैत्रातल्या एका सकाळी त्यांनी ती पेटी काढली. एक ट्यूब उचलली आणि ती त्यांच्या हातात अशी थरथरली की मी धावत गेले. त्यांनी ती पटकन बनियनवर ठेवली आणि म्हणाले, हाताला घाम आला आहे. मी बरं म्हटलं.

घाम नव्हता. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. कित्येक महिने मी त्यांच्यापुढे चहाचा कप अर्धाच भरून ठेवत होते आणि ते तो कधी पुरा मागत नव्हते. वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरून वाचायचे. डॉक्टरांचा विषय काढला की उठून गच्चीवर जायचे. ज्या माणसानं उभा जन्म केसासारखे काटे चिमट्यानं बसवले, त्याला त्याच्या हातांबद्दल कसं विचारायचं, हे मला सुचत नव्हतं. म्हणून मी विचारलं ते घड्याळाबद्दल. म्हटलं, सुट्ट्या लागल्या आहेत. हात माझे, डोकं तुमचं. करू या का? बाबांनी लगेच कागद मागितला.

घड्याळाचा वेळ मोजणारा भाग अवघड नव्हता. त्यासाठी छोटा बोर्ड मिळतो, तो मी मागवला आणि बाबांच्या सांगण्यानुसार जोडला. खरा प्रश्न वेगळा होता. त्या बोर्डाला पाच व्होल्ट पुरतात, पण निक्सी ट्यूब एकशे सत्तर व्होल्टांशिवाय डोळा उघडत नाही. ते एकशे सत्तर आणायचे कुठून? इंटरनेटवर पाहिलं तर काही जण चक्क भिंतीतल्या प्लगमधून सरळ घेत होते. बाबांनी ते चित्र पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, ज्यानं हे काढलं त्याला सांग, घरात माणसं राहतात. उरले दोन रस्ते. एक, भिंतीतली वीज हव्या त्या व्होल्टला आणणारा, लोखंडावर तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. दुसरा, बारा व्होल्ट घेऊन त्याचे स्वतःच एकशे सत्तर बनवणारं काडेपेटीएवढं तयार मॉड्यूल. मला मॉड्यूल आवडलं होतं आणि मी ते मागवूनही टाकलं होतं. बाबांनी ते पोस्टाच्या तिकिटासारखं निरखलं आणि बाजूला ठेवलं. त्यांचा कौल ट्रान्सफॉर्मरला होता. लोखंड आणि तांबं माणसाला फसवत नाही, असं त्यांचं मत.

आता वाटतं, ते नुसत्या व्होल्टचं बोलत नव्हते. त्यांना एक तरी ओळखीची वस्तू घरात हवी होती.

असा लहान ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारं माणूस शोधत मी इतवारा बाजारातली विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. आता कोण गुंडाळतं, तयार घ्या, असंच सगळे म्हणाले. एका म्हाताऱ्या दुकानदारानं मात्र सांगितलं की निंबोल्याला प्रमिलाताई म्हणून आहेत, शेतातल्या मोटारी भरतात, त्या देतील तर देतील. मोटार भरणं म्हणजे जळालेली तार उपसून नवी तार भरणं.

निंबोल्याच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड, पुढे कडुलिंब आणि लिंबाखाली ओळीनं निजलेल्या मोटारी. बोअरमधून काढलेल्या, लांबट, चिखलानं माखलेल्या. प्रत्येकीशेजारी तिचा मालक, चेहऱ्यावर दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकाची कळा. आणि आत, दोन्ही पायांमध्ये मोटारीचं नळकांडं धरून, पदर खोचून बसलेली चाळिशीतली बाई. तार एका बाजूनं आत घालायची, दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची, पुन्हा आत. जळक्या वार्निशचा वास शेडच्या पत्र्यालाही चिकटला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वेढा पुरा केला, तारेला गाठ मारली, मग म्हणाल्या, बोला मॅडम.

हे काम त्या सासऱ्यांकडून शिकल्या. प्रमिलाताईंचे यजमान केळीच्या गाड्या भरायच्या कामावर जात, त्यांना या कामात रस नव्हता. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा सुनेनं त्यांच्या शेजारी बसून हातानं शिकून घेतलं. सुरुवातीला लोक बाईच्या हातची मोटार न्यायला कचरायचे. मग ज्यांनी नेली त्यांची मोटार दोन-दोन उन्हाळे तगली आणि रांग लागली. हे सगळं मला रांगेतल्या माणसांनीच सांगितलं.

मी बाबांनी काढलेला कागद दिला. त्यातल्या रेघा पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारख्या हलत होत्या. त्यांनी रेघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पण विचारलं काही नाही. मोसम मोटारींचा होता, शेतकरी बाहेर ताटकळत होते, त्यात माझं हे शौकाचं काम. तरी नाही म्हणाल्या नाहीत. आठ दिवस मागितले.

आठव्या दिवशी मिळालेला ट्रान्सफॉर्मर मी ओंजळीत घेतला आणि पाहतच राहिले. तारेचा वेढा वेढ्याला लागून, मध्ये कुठे केसाएवढी फट नाही. प्रत्येक थरामध्ये कागदाची घडी, कडा कातरीनं साफ केलेल्या. वार्निश उन्हात वाळवून पक्कं केलेलं. जी वस्तू घड्याळाच्या पेटीत बंद होणार, कोणाला कधी दिसणार नाही, तिला इतकं देखणं करायची काही गरज नव्हती. बाबा ती वस्तू बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. शेवटी इतकंच म्हणाले की अशी बाई आमच्या वर्कशॉपला हवी होती.

आणि ट्यूब पेटल्या. सकाळी साडेदहाची वेळ होती, तरी बाबांनी मला पडदे ओढायला लावले. आधी काचेत काहीच नव्हतं, मग एकदम नारिंगी रंगाचा एक, त्याच्याशेजारी शून्य. कडेनं जरा निळसर झाक. आकडा काचेत लिहिलेला वाटत नव्हता, श्वास घेतल्यासारखा आत उभा होता. मिनिट बदललं की मागचा आकडा पुढच्याला जागा द्यायचा. बाबा खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांनी तासभर वेळ पाहिली. आई गेल्यापासून ते इतके स्वस्थ बसलेले मी पाहिले नव्हते.

हे सुख पंधरा दिवस टिकलं. मग वैशाख खरा तापला. एके दुपारी तीन वाजले आणि घड्याळातला तिनाचा आकडा अर्धाच पेटला, वरची कमान तेवढी. मग तीही फिकी झाली. चारही नळ्यांमध्ये नुसती काच उरली. संध्याकाळी मोटारी बंद झाल्यावर आकडे परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. बाबा म्हणाले, मी उघडून पाहतो. उद्या पाहू म्हणत मी घड्याळाची पेटी कपाटावर ठेवली. त्या रात्रीपासून मला एकच भीती वाटू लागली. बाबा ती पेटी उघडणार. मी शाळेच्या कामाला बाहेर पडले की त्या थरथरत्या हातात स्क्रू ड्रायव्हर असणार आणि आत एकशे सत्तर व्होल्ट.

मी निंबोल्याला गेले. घड्याळ बंद पडतं हे सांगायला गेले होते आणि बोलता बोलता दुसरंच सांगून बसले. बाबांचे हात थरथरतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. भावाला सांगितलं नव्हतं, मैत्रिणींना नाही. सांगितलं ते मोटारी भरणाऱ्या, जेमतेम दोनदा भेटलेल्या बाईला.

प्रमिलाताईंनी हातातलं काम खाली ठेवलं. विचारलं, "ते डबा उघडतील का?"

"उघडणारच. आयुष्यभर तेच केलंय त्यांनी."

मग त्यांनी आपल्या दिराचं सांगितलं. केळीच्या बागेत उभ्या पाण्यात पाय ठेवून त्यानं मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली होती. लाइट गेली आहे असं समजून. सव्वीस वर्षांचा होता. उघडू नको, असं त्याला सगळ्यांनी बजावलं होतं. तेव्हापासून त्या कोणाला उघडू नको असं सांगत नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, उघडणारा उघडतोच. डबा असा करा की उघडला तरी माणूस वाचला पाहिजे."

आणि मग त्यांनी स्वतःच्याच ट्रान्सफॉर्मरविरुद्ध निकाल दिला. मी तो वाचवायचा प्रयत्न केला, वेढे वाढवता येतील का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली. मागून कमी आलं की तो पुढेही कमीच देणार, तो बिचारा काय करेल. मोटारीही त्याच कारणानं जळतात. वेढे वाढवले तर दुपारी चालेल, पण पहाटे व्होल्टेज चढलं की तुमच्या नळ्या मरतील. त्यापेक्षा फवारणीच्या पंपाची बारा व्होल्टची बॅटरी घ्या, ती चार्जरवर भरत राहू द्या आणि तिच्यापुढे तुमचं ते काडेपेटीवालं लावा. ते बारावरून आपले एकशे सत्तर बरोबर बनवेल, तारेत काही का होईना. लाइट गेली तरी घड्याळ चालेल.

आपण खपून केलेली वस्तू काढून टाका, असं सांगताना त्यांच्या आवाजात कुठे खळ पडला नाही. मी शाळेत इतकी वर्षं मुलांना सांगत आले आहे की उत्तर चुकलं तर खोडा आणि पुन्हा मांडा. स्वतःचं सुंदर उत्तर असं शांतपणे खोडणारं माणूस मी तेव्हा पाहिलं.

मग त्यांनी दारावरच्या घंटीचं एक साधं बटण काढून दिलं. ते पेटीच्या आत असं बसवायचं की झाकण लावलं की दाबलेलं राहील आणि बॅटरीचा प्रवाह पुढे जाईल. झाकण उचललं की बटण सुटलं, वीज तुटली. आत साठून राहिलेली वीज उतरून जावी म्हणून एक रेझिस्टर आडवा जोडायचा, म्हणजे दोन-तीन सेकंदांत सगळं थंड. मी घरी येऊन तसं केलं. बाबांना बॅटरीचं आणि मॉड्यूलचं सांगितलं, त्यांनी जरा कुरकुरत मानलं. बटणाचं सांगितलं नाही. ते मी लाकडाच्या पट्टीआड लपवलं.

घड्याळ भर दुपारी तीन वाजता तीनच दाखवू लागलं. लूम थांबले, पंखा थांबला, आकडे विझले नाहीत.

पाच दिवसांनी मी बाजारातून आले तर पेटी टेबलावर उघडी होती. बाबा समोर बसले होते. झाकण हातानं लावायचे, आकडे पेटायचे. झाकण उचलायचे, आकडे विझायचे. मी दारात उभी राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं की हे बटण कोणाच्या डोक्यातलं. मी नाव सांगितलं. म्हणाले, मला तिकडे घेऊन चल.

शेडमध्ये प्रमिलाताईंनी त्यांना खुर्ची दिली आणि पाणी दिलं. बाबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, तरी थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी दुसरीकडे पाहिलं, नेहमीसारखं. बाबा ताठ बसून म्हणाले की मी हाय व्होल्टेजवर आयुष्य काढलं आहे. डबा उघडण्याआधी पिन काढायची, दहा आकडे मोजायचे, मग हात घालायचा, हे मला कोणी शिकवायला नको. मला वाटलं, आता त्या माफी मागतील किंवा मी काहीतरी बोलून सावरावं.

प्रमिलाताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी बाबांच्या हातांकडे सरळ पाहिलं. म्हणाल्या, "काका, तुम्हाला सगळं येतं. पण तुमचे हात थांबत नाहीत न."

बाबांनी हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच पाहत राहिले, जसा एखादा बिघडलेला मीटर पाहावा तसे. मग म्हणाले, "नाही थांबत."

बस, एवढंच. पण त्यांचे खांदे खाली आले, ते मला मागून दिसलं. पुढे अर्धा तास ते दोघं तारांच्या जाडीबद्दल बोलत बसले. एका जळालेल्या मोटारीत नेमका कुठला वेढा आधी गेला, ते बाबांनी काळ्या डागावरून ओळखलं तेव्हा प्रमिलाताईंनी रांगेतल्या मालकाला उठवून ते दाखवलं. परतताना केळीच्या बागा संपून शहर लागेपर्यंत बाबा खिडकीबाहेर पाहत होते. नाक्यावर आल्यावर म्हणाले, "सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ या."

डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. ते ऐकून आमच्यापैकी कोणी दचकलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. थरथर गेली नाही, पण उतरली. आमच्या घरात आता तिच्याबद्दल बोललं जातं, जसं हवेबद्दल बोलावं. आज जास्त आहे, आज बरी आहे. ट्रान्सफॉर्मर बाबांनी कोणाला दिला नाही. तो त्यांच्या पुस्तकांच्या फळीवर असतो, कशालाही न जोडलेला. कोणी पाहुणा आला की ते तो खाली काढतात, वेढे दाखवतात आणि ज्या बाईनं केला तिचं नाव सांगतात.

यंदाचा वैशाख तापला आहे. परवा घड्याळाच्या बॅटरीची एक तार सोल्डरच्या टाक्यातून सुटली. प्रमिलाताई तार घ्यायला इतवाऱ्यात आल्या होत्या, तशा घरी डोकावल्या. बाबा म्हणाले, टाका मी लावतो. मी पुढे झाले, पण प्रमिलाताईंनी मला डोळ्यांनी थांबवलं. त्यांनी बॅटरी सोडवून बाजूला ठेवली आणि तारेचं टोक चिमट्यात धरलं. बाबांनी कोपरं टेबलावर टेकवली आणि सोल्डरिंग आयर्न दोन्ही हातांत घेतलं. त्याचं तापलेलं टोक हवेत डावीकडे जाई, उजवीकडे येई. काही केल्या तारेवर टेकेना. त्या हलू नका म्हणाल्या नाहीत, हात धरायलाही गेल्या नाहीत. क्षणभर त्या टोकाची चाल पाहिली आणि मग तार हळूच त्याच्या वाटेत नेली.

धूर निघाला. टाका जरा वाकडा बसला, पण पक्का. बाबांनी फुंकर घातली आणि तार ओढून पाहिली.